वहीत बघ

३ ऑगस्ट, रविवार

धाकट्या,

हे पत्र मी माझ्या मनाने लिहीत नाही, ते आधीच सांगून टाकतो. आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी लिहायला सांगितलं म्हणून बसलो आहे. येत्या ऑक्टोबरात त्या गोष्टीला सात वर्षं होतील. एवढ्या काळात ना तू दोन ओळी धाडल्यास, ना मी. आपल्या घरात वाटणी करण्यासारखं काही नव्हतं, एक हट्ट तेवढा होता. तो बापाने दोघांना सारखा वाटून दिला.

झालं असं, की मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांत यंदा माझं नाव घालायचं ठरलं. पाळकसाहेब तू गेल्यानंतर आलेले आहेत. एकतीस वर्षांचे, अंगाने काडी, सायकल चालवताना गुडघे हँडलला लागतात. उपासना झाल्यावर त्यांनी मला मागे थांबवलं आणि विचारलं, "तुमच्याविषयी कुणाच्या मनात काही आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

"तुमच्या भावाच्या?"

"तो लांब असतो."

"मी अंतर नाही विचारलं," ते म्हणाले.

मला राग आला. मी म्हटलं, "पाळकसाहेब, तुम्ही माझ्या धाकट्या भावाहूनही दहा वर्षांनी लहान आहात." ते म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला जड जातंय." आणि बाकं सरळ करायला लागले. मी दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाले, "भावाला पत्र लिहा. हा सल्ला नाही. सांगतो आहे मी."

वर असंही म्हणाले, की मला समजेल असं लिहा, मला बॉयलरमधलं ओ की ठो कळत नाही. मी विचारलं, म्हणजे तुम्ही वाचणार? तर म्हणे, "नाही. पण ज्याला काहीच माहीत नाही त्याला सांगताना माणसाला गोष्टी गाळता येत नाहीत." म्हणून तुला ठाऊक असलेलंही लिहितो, रागावू नकोस.

आपण दोघे इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात बॉयलरवर होतो. मी सकाळी सहा ते दोन, तू दोन ते दहा. तुला तिथे चिकटवला तो मी. बॉयलरच्या अंगावर काचेची उभी नळी असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. नळीचं खालचं तोंड गाळाने बुजलं, की बॉयलरमधलं पाणी उतरत जातं आणि काचेतलं मात्र होतं तिथेच राहतं. म्हणून रोज सकाळच्या पाळीने खालचा कॉक उघडून वाफेने ती काच धुवायची आणि वहीत तसं लिहायचं. त्या दिवशी काच धुवायची राहून गेली. वहीत मात्र लिहिलं गेलं. दुपारी तीनच्या सुमारास तुझ्या पाळीत बॉयलरमधलं पाणी संपत आलं, काच अर्धी भरलेली दिसत राहिली, पाणी उतरलं की वितळावं म्हणून आत बसवलेलं शिशाचं बूच वितळलं आणि वाफ भट्टीत उतरली. तू भट्टीचं दार उघडलंस. चौकशीत वही माझ्या बाजूने बोलली, ठपका तुझ्यावर आला, बॉयलर चालवायचं तुझं प्रमाणपत्र गेलं.

माणूस आहे, चुकतो. तुझ्या हाताला आणि गालाला झालं त्याचं मला वाईट वाटतं. भट्टीत फुसफुस ऐकू आल्यावर दार उघडायला नको होतंस, हे मात्र मला आजही वाटतं.

घरी सगळे बरे आहेत. धाकटीला सलाम सांग.

दादा


२४ ऑगस्ट, रविवार

धाकट्या,

धाकटीचं कार्ड मिळालं. तिने लिहिलंय, "ह्यांनी पत्र वाचलं. चुलीत घातलं नाही, एवढंच कळवते. हे म्हणतात, दादाला विचार, काच धुवायची त्याच दिवशी राहून गेली का? हे आता शाळेच्या फाटकावर असतात. पोरं ह्यांना फाटकमामा म्हणतात."

कार्ड मी उभ्यानेच वाचलं आणि फळीवर ठेवून दिलं. तीन दिवस भट्टीत कोळसा असा फेकत होतो, की माझा जोडीदार म्हणाला, "बॉयलरने तुमचं काय घोडं मारलंय?" चौथ्या दिवशी कार्ड परत काढलं.

नाही. त्याच दिवशी नाही.

तुला प्रमाणपत्र मिळालं आणि साहेबांनी तुला बॉयलरचा प्रमुख केलं. पहिल्याच आठवड्यात तू तुझ्या त्या गोल, सुबक अक्षरात एक कागद लिहून भिंतीला लावलास: सकाळच्या पाळीने रोज काच धुवावी व वहीत नोंद करावी. मी वीस वर्षं पंपाच्या आवाजावरून पाणी ओळखत आलेला माणूस. मनात येईल तेव्हा काच धुवायचो, आणि माझं काही अडलं नव्हतं. मी विचारलं, "हे कुणासाठी?" तू म्हणालास, "सकाळच्या पाळीसाठी, दादा." मी म्हटलं, "म्हणजे माझ्यासाठी." इस्त्रीवाली मावशी तेव्हा दारात चादरींचा गठ्ठा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "घ्या! आता पिल्लू कोंबडीला दाणे टिपायला शिकवणार!" सगळ्या बायका हसल्या. तूही हसलास. वाईट हेतूने नाही, तू तर स्वतःवरच हसत होतास. हे मला तेव्हाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी काच धुतली नाही. मनात येईल तेव्हा धुवायचो, तेही सोडून दिलं. पाच महिने रोज सकाळी वहीत "काच धुतली" असं लिहून खाली सही केली. रविवारी कारखाना बंद, म्हणून रविवारी तेवढं खोटं लिहिलं नाही. त्या दिवशी मी पुढच्या बाकावर बसून गीतं म्हणत होतो.

बापाची आठवण येते. गावाने ओढ्यावर पूल घालून नवा रस्ता केला तेव्हा त्याला विचारलं नाही म्हणून तो दोन वर्षं ओढ्यातून चालत आपल्याला शाळेत सोडायला यायचा. गुडघ्यापर्यंत चिखल आणि मान ताठ. मास्तर म्हणायचे, "तुमचा बाप आला बघा, पूल कोरडा ठेवून." आपण दोघे हसायचो. हसता हसता मी त्याच्याकडून शिकतही होतो, हे काही तेव्हा ध्यानात आलं नाही.

भट्टीचं दार उघडण्याबद्दल मी जे लिहिलं ते खोडतो. काच भरलेली दिसत असताना कुणीही दार उघडून पाहिलं असतं. वाफ अंगावर आली तरी तू आधी इस्त्रीच्या बायकांना ओरडून बाहेर काढलंस, हे मावशी अजून सांगते. ती सांगते तेव्हा मी तिथून उठून जातो.

दादा


१४ सप्टेंबर, रविवार

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर पाहून मला वाटलं, पत्ता शाळेतल्या कुणा पोराने लिहून दिला. आतलं पत्रही तसंच, वाकडं, एकमेकांवर पडलेलं. अर्धं वाचून झाल्यावर उमगलं. तू डाव्या हाताने लिहितोस. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, असं धाकटीच्या भावाने एकदा सांगितलं होतं. मी "अरेरे" म्हणालो होतो आणि विषय बदलला होता.

तू लिहिलेलं मी पाठ केलं आहे. "दादा, माझी माफी मागू नकोस. माफीने मी फाटकावरून हलत नाही. बॉयलरच्या तपासणी कचेरीत जा आणि वही खोटी होती ते सांग. एकोणतीस ऑक्टोबरला सात वर्षं होतात. मग प्रकरण बंद होतं, परत उघडत नाहीत. मला माझं प्रमाणपत्र हवं आहे."

मागे तू असं काही सांगितलं असतंस, तर मी म्हटलं असतं, हा कोण मला हुकूम करणारा. आजही पहिल्यांदा ते वाक्य मनात आलंच. इतकी वर्षं जिथे राहिलं तिथून ते एका पत्राने कसं जाईल?

मग मी कारणं शोधायला बसलो. ती लगेच सापडली. माझी नोकरी जाईल. वडीलजनांतून माझं नाव जाईल. तुझ्या वहिनीला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही, ती तुलाच दोषी समजते. शिवाय गुडघा दुखतो आणि कचेरी जिल्ह्याच्या गावी आहे. हे शेवटचं कारण लिहिताना माझं मलाच हसू आलं.

आज पाळकसाहेबांनी शास्त्रपाठात त्या बापाची गोष्ट घेतली. त्याने दोन मुलांना मळ्यात कामाला जायला सांगितलं. एक तोंडावर नाही म्हणाला, मग त्याचं मन पालटलं आणि तो गेला. दुसरा "जातो, बाबा" म्हणाला आणि गेलाच नाही. ही गोष्ट मी लहानपणी तोंडपाठ म्हटली होती, बक्षीस म्हणून पेन्सिल मिळाली होती. इतकी वर्षं मला वाटायचं, मी त्या पहिल्यासारखा आहे, जरा तापट, पण मनाने चांगला. आज बाकावर बसल्या बसल्या कळलं, की दुसरा तो मी. त्या दुसऱ्याची रोज सकाळी वहीत सही असते.

उद्याच जातो, असं लिहिणार होतो. पण "जातो" हा शब्द मला आता लिहवत नाही. जाऊन आल्यावर लिहीन.

दादा


२८ सप्टेंबर, रविवार

धाकट्या,

तुझ्या वहिनीला सांगितलं. ती माझ्या कामाच्या सदऱ्याला बटण लावत होती. मी सगळं सांगून होईपर्यंत तिने मान वर केली नाही. बटण लावून झालं, तिने दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, "धाकटी इथून निघाली तेव्हा मी तिला तोंडावर म्हटलं होतं, नवऱ्याने कामात लक्ष ठेवलं असतं तर ही वेळ आली नसती. आठवतंय?"

"आठवतंय."

"तुम्ही तिथेच उभे होता."

"हो."

"चहात साखर कमी पडली तर बोलायला तोंड उघडतं तुमचं."

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "धाकटीचा पत्ता द्या. माझं मी लिहीन. तुमच्या पत्राच्या शेवटी माझे चार शब्द नकोत." तिचं पत्र आलं असेल. त्यात काय आहे ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

मग मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. तेच आहेत अजून, केस पिकले एवढंच. दार लावून घेऊन मी उभ्यानेच सांगितलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिले.

"सात वर्षं झाली," ते म्हणाले. "गाडलेली मढी कशाला उकरता?"

"साहेब, मढं नाही ते. माणूस जिवंत आहे. शाळेचं फाटक उघडतो."

"चौकशीच्या अहवालावर माझी सही आहे. कळतंय का तुम्हाला?"

"माझीही आहे, साहेब. वहीवर."

"जा, कामाला लागा," ते म्हणाले. "मी काही ऐकलं नाही."

खरं सांगतो, बाहेर पडताना मला हलकं वाटलं. म्हटलं, आपण सांगून आलो. साहेब ऐकत नाहीत, त्याला आपण काय करणार? प्रभूने पाहिलं, झालं. पाळकसाहेब रस्त्याच्या कडेला सायकलची चेन बसवत होते, त्यांनाही मी हे जरा मोठ्या आवाजात सांगितलं. काळे हात तसेच धरून त्यांनी विचारलं, "भावाने तुम्हाला कुठे जायला सांगितलं होतं?"

"तपासणी कचेरीत."

"आणि तुम्ही गेलात कुठे?"

ते म्हणाले, "सांगितलेलं सोडून जवळपासचं काहीतरी करायचं आणि त्यालाच आज्ञापालन म्हणायचं, ही सवय फार चिवट असते. मलाही आहे. चिंधी आहे का तुमच्याकडे?" मी त्यांना रुमाल दिला. तो अजून परत आलेला नाही.

अजून एक महिना आहे.

दादा


१४ ऑक्टोबर, मंगळवार

धाकट्या,

जाऊन आलो. दोनदा.

गेल्या गुरुवारी पहिल्यांदा गेलो. कचेरीत जिना चढून वर गेलं की लांब खोली, कपाटांच्या रांगा आणि कोपऱ्यात तपासणीसबाईंचं टेबल. चष्मा डोक्यावर, बोलणं मोजकं. त्यांनी तुझा कागद शोधून काढला, मला कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "लिहा." मी दीड पान लिहिलं. त्यांनी वाचलं आणि एका परिच्छेदावर बोट ठेवलं.

"हे काय? 'त्या काळी मला कामावर पूर्वीसारखा मान मिळत नव्हता'?"

"बाई, तेच तर कारण आहे."

"मी काय झालं ते विचारलं. तुम्हाला काय वाटत होतं ते नाही. खोडा."

मी खोडलं. सगळ्यात चांगला जमलेला परिच्छेद तोच होता.

मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी काच बुजलेली आहे, हे तुमच्या लक्षात आलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

"ठीक. वही खोटी होती एवढं तुमच्या भावासाठी पुरे आहे. ठपका निघेल." त्यांनी शिक्का मारला.

तुझं काम झालं होतं. मी बसने घरी आलो, तुझ्या वहिनीला सांगितलं, तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. तीन दिवस मी बरा होतो. रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट बाकावरून हातोहात माझ्यापर्यंत आलं आणि मी भाकरी न घेता ते तसंच पुढे सरकवलं. शेजारच्याला वाटलं, मी पेंगतो आहे. त्याने कोपराने ढोसलंही.

आता जे लिहितो ते तुला कुणीच सांगितलेलं नाही, कारण माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

बॉयलर चालू असताना काचेतलं पाणी कधी स्वस्थ नसतं. थरथरतं, जरा वर जातं, जरा खाली. त्या दिवशी बारा वाजून गेल्यावर मी पाहिलं तर पाणी चित्रातल्यासारखं उभं. वीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस मी, एका नजरेत कळलं. काच बुजली आहे. कॉक उघडायला अर्धं मिनिट लागतं. मी कॉकवर हात ठेवला. आणि काढून घेतला. मनात म्हटलं, प्रमाणपत्रवाल्याला कळू दे, की नुसत्या कागदावर बॉयलर चालत नाही. तुला घाम फुटावा, तू धावत माझ्या घरी यावंस, "दादा, जरा बघ ना काय झालंय" म्हणावंस, एवढंच मला हवं होतं. तुझा हात जावा असं मला वाटत नव्हतं, हे खरं आहे. पण त्यापासून तुला वाचवणं माझ्या हातात होतं आणि मी तो हात खिशात घातला, हेही तितकंच खरं आहे.

दोन वाजता तू आलास. विचारलंस, "दादा, काच धुतलीस?"

मी म्हणालो, "वहीत बघ."

तू वही पाहिलीस, "बरं" म्हणालास आणि सदरा खुंटीला लावलास. मी डबा उचलून घरी गेलो. जेवलो. कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला तेव्हा मी हात धूत होतो.

तोंडाने तर आपण खोटं बोललो नाही, असं मी सात वर्षं स्वतःला सांगत आलो. तू इस्पितळात होतास तेव्हा तीनदा फाटकापर्यंत येऊन परत फिरलो. लोकांना वाटलं, भावाचं दुःख बघवत नाही म्हणून. मी लोकांना तसं वाटू दिलं.

काल सोमवारी परत कचेरीत गेलो. बाईंना म्हटलं, त्या प्रश्नाचं उत्तर बदलायचं आहे. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. म्हणाल्या, "तुमच्या भावाला याची गरज नाही, हे कळतंय ना? काम टाळणं वेगळं आणि धोका दिसत असताना गप्प बसणं वेगळं. हे लिहिलंत तर तुमच्यावर कारवाई होईल."

मी म्हटलं, "तुम्ही काय झालं ते विचारलं होतं."

त्यांनी कागद पुढे केला. या वेळी त्यांनी काहीही खोडायला सांगितलं नाही.

दादा


९ नोव्हेंबर, रविवार

धाकट्या,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरूनही चाललो नव्हतो.

इथली हकीकत कळवतो. एकोणतीस तारखेच्या आधी कागद वर गेला, बाईंनी तसं कळवलं. माझं बॉयलरवरचं काम काढून घेतलं आहे. चौकशी पुरी होईपर्यंत मळक्या चादरी वेगळ्या करायच्या टेबलावर बसवलं आहे. ते टेबल इस्त्रीवाल्या मावशीच्या हाताखाली येतं. पहिल्या दिवशी तिने गठ्ठा नुसता माझ्यापुढे ढकलला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "डाग पडलेल्या डावीकडे, फाटलेल्या उजवीकडे. विचारल्याशिवाय आपली अक्कल चालवायची नाही." मी म्हटलं, "बरं." ती थांबून माझ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडून "बरं" तिने कधी ऐकलं नव्हतं. मग म्हणाली, "तब्येत बरी आहे ना तुमची?"

उपासनेत मी उभा राहून सगळ्यांसमोर सांगितलं. वडीलजनांतून माझं नाव निघालं. नंतर मी पाळकसाहेबांना विचारलं, "पुढच्या वर्षी काही...?" विचारताच मला कळलं, की मी पश्चात्तापाच्याही रांगेत पुढचा नंबर बघतो आहे. ते म्हणाले, "पुढच्या वर्षीचं प्रभू बघेल. या शनिवारी खिडक्या पुसायला माणूस नाही." खिडक्या मी पुसतो. उंचावरच्या काचांना शिडी लागते, ती धरायला ते स्वतः उभे राहतात आणि सारखे सांगतात, इथे राहिलं, तिथे राहिलं. त्यांचं खरंच असतं.

नम्रता आली, असं मला म्हणता येणार नाही. रोज सकाळी उठल्यावर जुना माणूस माझ्याआधी उठून बसलेला असतो. चादरींच्या टेबलावर मावशीने काही सांगितलं, की पहिल्यांदा तोच तोंड उघडतो. मी त्याला "थांब" म्हणतो. कधी थांबतो, कधी नाही.

दादा


७ डिसेंबर, रविवार

धाकट्या,

मंगळवारी तुझं प्रमाणपत्र आलं. कचेरीच्या कागदावर तुझा पत्ता अजून आपल्या घराचाच आहे. तुझ्या वहिनीने ते टेबलावर ठेवलं आणि आम्ही दोघे आपलं त्याच्याकडे बघत बसलो.

मी ठरवलं, की हे पोस्टाने जायचं नाही. मी स्वतः घेऊन येणार. फाटकावर उभा राहून तुझ्या हातात देणार. काय बोलायचं तेही योजून ठेवलं होतं. शनिवारचं तिकीट काढलं, वहिनीने पिशवी भरली.

शुक्रवारी तुझं पत्र आलं. चारच ओळी. "तू कचेरीत दुसऱ्यांदा का गेलास ते मला कळलं. पण मला अजून तुझा चेहरा बघवणार नाही. प्रमाणपत्र तिकडे आलं की पोस्टाने पाठव, येऊ नकोस. आणि त्यानंतर मी लिहीपर्यंत तू लिहू नकोस."

मी पिशवी उचलली आणि तडक पाळकसाहेबांकडे गेलो. म्हटलं, तो तसं म्हणतोय, पण भाऊ आहे माझा. समोर गेलो तर विरघळेल. मी पाया पडेन त्याच्या. एवढा प्रवास करून गेलेल्या माणसाला कोण परत पाठवतं?

ते म्हणाले, "त्याने काय सांगितलंय?"

"येऊ नकोस."

त्यांनी मला बसायला स्टूल दिलं, आम्ही दोघांनी प्रार्थना केली आणि मी तिकीट परत करून घरी आलो.

तुझ्या पाया पडायला येणं मला सोपं होतं, धाकट्या. तेही माझ्याच मनासारखं झालं असतं.

प्रमाणपत्र सोबत आहे. दुमडलेलं नाही, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घातलं आहे. तुझं नाव नीट वाचून पाहिलं, बरोबर आहे.

आणखी एक सांगायचं होतं. ते राहू दे. तू लिहीपर्यंत मी लिहिणार नाही.

दादा